जुन्या सायकलचं बेअरिंग: ग्रीस कधी, कुठे आणि कसं भरायचं?

बंडगार्डनचा पूल ओलांडून पर्णकुटी चौकाकडे वळलं की काळ्या रंगाच्या, दांड्या-ब्रेकच्या जुन्या सायकली आजही दिसतात. कॅरिअरला पेपरचे गठ्ठे, हँडलला डबा किंवा दुधाची कॅन लटकवलेली. पुढे जेल रोड, नागपूर चाळ, लक्ष्मीनगर, गाडीतळ या पट्ट्यात रात्रपाळीचे वॉचमन, पेपर टाकणारे, छोट्या कारखान्यांत जाणारे असे अनेकजण आहेत, ज्यांच्यासाठी सायकल हा रविवारचा फिटनेस नसतो, तर कामावर पोहोचण्याचं साधन असतं. अशा सायकलीतून एखाद्या दिवशी 'कट्... कट्...' असा आवाज यायला लागतो. मग तेल सोडलं जातं, आवाज चार दिवस बंद होतो आणि पुन्हा सुरू होतो.

हा आवाज बहुतेक वेळा बेअरिंगचा असतो. त्याकडे दुर्लक्ष केलं तर मूठभर छर्ऱ्यांचं काम पूर्ण चाक बदलण्यापर्यंत जातं. ते कसं, आणि वर्षातून एकदा थोडं ग्रीस भरून ते कसं टाळता येतं, ते समजून घेऊया.

सायकलमध्ये बेअरिंग नेमकी असतात कुठे?

जुन्या सायकलीत फिरणारा प्रत्येक भाग छर्ऱ्यांवर फिरतो. पुढच्या चाकाचा हब, मागच्या चाकाचा हब, दोन्ही पायडल जिथे जोडलेली असतात तो मधला बीबी एक्सल, हँडलखालचा चिमटा जिथे फ्रेममध्ये वळतो ती जागा, दोन्ही पायडल आणि मागचं फ्रीव्हील. 

या सगळ्याची रचना एकसारखीच असते. एका बाजूला वाटीसारखा 'कप', दुसऱ्या बाजूला शंकूसारखा 'कोन', आणि दोघांच्या मध्ये गोल स्टीलचे छर्रे. कप हबमध्ये ठोकून बसवलेला असतो. कोन एक्सलच्या आट्यांवर फिरवून पुढे-मागे करता येतो. कोन आत सरकवला की बेअरिंग घट्ट होतं, बाहेर घेतला की सैल. हल्लीच्या महागड्या सायकलींत येणारं सीलबंद बेअरिंग खराब झालं की काढून फेकावं लागतं. जुन्या सायकलीचं तसं नाही. ती पूर्ण उघडते, पुसता येते, पुन्हा बसवता येते. पन्नास वर्षांपूर्वीची सायकल आजही चालते ती याच कारणाने.

गंमत म्हणजे बंडगार्डनचा जुना दगडी पूल, म्हणजे फिट्झगेराल्ड ब्रिज, ज्या १८६९ साली बांधून झाला, त्याच वर्षी पॅरिसमध्ये ज्यूल सुरिरे नावाच्या सायकल मेकॅनिकने बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅरिस ते रूआन ही सायकल शर्यत झाली. ती जेम्स मूर या इंग्रज सायकलपटूने जिंकली आणि त्याच्या सायकलला हीच बेअरिंग होती. पण तेव्हा अगदी एकसारखे गोल छर्रे बनवणं अवघड होतं. ते सोपं केलं जर्मनीतल्या श्विनफुर्ट गावच्या फ्रीडरिश फिशरने. त्याने १८८३ मध्ये छर्रे घासून गोल करणारं यंत्र बनवलं. फिशरच्या कंपनीचं नाव पुढे 'एफएजी' झालं आणि ती आज शेफलर या समूहात आहे, ज्याचा एक कारखाना पुण्याजवळ तळेगावात आहे. स्वीडनच्या एसकेएफचा कारखाना चिंचवडमध्ये आहे. म्हणजे आज कार, पंखे, मोटारी यांच्यासाठी जे बेअरिंग पुण्याच्या आसपास बनतं, त्याची सुरुवात सायकलच्या चाकापासून झालेली आहे.

ग्रीस भरल्यावर सायकल जास्त पळते का?

खरं सांगायचं तर फारशी नाही. सायकल चालवताना ताकद खर्च होते ती मुख्यतः हवेच्या विरोधात, टायर दबण्यात आणि चढावर. बेअरिंगमधलं घर्षण त्यामानाने खूप कमी असतं. सायकल जड वाटत असेल तर आधी टायरमधली हवा बघा, ब्रेकचा रबर रिमला घासतोय का ते बघा. ग्रीस भरून 'सायकल एकदम हलकी झाली' असं वाटतं, कारण आधी कोन जास्त आवळलेला असतो किंवा आत माती गेलेली असते.

मग ग्रीस कशासाठी? झीज थांबवण्यासाठी आणि पाणी बाहेर ठेवण्यासाठी. २८ इंची टायरचं चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर पुढे जातं. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ४५० फेरे. रोज जाऊन-येऊन १० किलोमीटर सायकल चालवणाऱ्याचं चाक दिवसाला साडेचार हजार फेरे मारतं. या प्रत्येक फेऱ्यात छर्रे कप आणि कोनच्या पृष्ठभागावरून दाबाखाली लोळतात. मध्ये वंगणाचा पातळ थर असेल तर स्टीलला स्टील घासत नाही. तो थर गेला, त्यात पाणी आणि माती मिसळली, की तीच माती पॉलिश पेपरसारखं काम करायला लागते.

झीज आधी कोनवर दिसते. सायकलचा एक्सल फिरत नाही, हब त्याच्याभोवती फिरतो. त्यामुळे वजनाचा भार कोनच्या एकाच बाजूवर, म्हणजे खालच्या बाजूवर कायम पडत राहतो. तिथे आधी चकाकी जाते, मग बारीक टोचे पडतात, मग खड्डे. कोन स्वस्त असतो, बदलता येतो. पण तो खराब असताना सायकल तशीच चालवली तर खड्ड्यातून निघालेले स्टीलचे कण छर्रे आणि कप दोन्ही खातात. कप खराब झाला की पूर्ण हब बदलावा लागतो. आणि हब बदलणं म्हणजे चाकाच्या सगळ्या तारा काढून पुन्हा बांधणं. जुन्या देशी सायकलीत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असतात. त्या बांधून, आउट काढून चाक सरळ करणारे कारागीर आता शोधावे लागतात. पूर्वी चौकाचौकात असणारी सायकलची दुकानं कधीच टू-व्हीलरकडे वळली.

सुट्या भागांचंही तसंच. सोनिपतला १९५१ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅटलस सायकलने ३ जून २०२० रोजी साहिबाबादच्या कारखान्यातलं काम थांबवलं. योगायोग असा की तो जागतिक सायकल दिन होता. सेन-रॅले, मुंबईची हिंद सायकल ही नावं तर आता संग्रहालयातच भेटतात. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, तिथे अशा जुन्या सायकली बघायला मिळतात. देशी काळ्या सायकलीचे छर्रे, कोन, कॉटर अजूनही लुधियानाहून येतात आणि नाना पेठेसारख्या बाजारात मिळतात. परदेशी जुन्या सायकलीचा कोन मात्र आट्यांसकट जुळायला हवा. तो मिळेलच असं नाही. त्यामुळे जो आहे तो टिकवणं जास्त शहाणपणाचं.

कधी करायचं? दसरा हा उत्तम मुहूर्त

खंडेनवमी-दसऱ्याला सायकल धुऊन, हळद-कुंकू लावून हार घालायची पद्धत अनेक घरांत आहे. वंगणाच्या दृष्टीनेही ही वेळ अगदी योग्य. पुण्याचा पाऊस जून ते सप्टेंबर असतो. या चार महिन्यांत रस्त्यावरचं पाणी चाकांच्या हबमध्ये आणि सीटच्या नळीतून खाली बीबीत झिरपतं. जुन्या सायकलींना रबरी सील नसतं, असलीच तर पत्र्याची टोपी असते. पाऊस संपल्यावर लगेच उघडलं तर गंज धरण्याआधी पाणी बाहेर निघतं. रोज सायकल चालवणाऱ्याने पावसाळ्याआधी, मे महिन्यातही एकदा हब बघून घ्यावेत. आठवड्यातून एकदाच चालवणाऱ्याला वर्षातून एकदा पुरे.

एक गोष्ट मात्र टाळायला हवी. वॉशिंग सेंटरला बाईकसोबत सायकलही प्रेशरच्या पाण्याने धुऊन घेणारे बरेच असतात. तो फवारा हबच्या फटीवर पडला की पावसाने चार महिन्यांत केलं नसतं ते दोन मिनिटांत होतं. बादली आणि फडकं पुरेसं आहे.

वेळेआधीच बेअरिंग बोंबलतंय का हे पाहायला कसलंही अवजार लागत नाही. पुढचं चाक उचला, रिमला धरून डावी-उजवीकडे हलवा. चाक डुगडुगलं तर कोन सैल आहे. मग चाक हळू फिरवा आणि दुसऱ्या हाताचं बोट चिमट्यावर ठेवा. आत वाळू असल्यासारखी खरखर बोटाला जाणवली तर ग्रीस संपलंय किंवा माती गेलीय. चिमट्यासाठी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला. हँडलखाली 'टक' झालं तर तिथला कप सैल आहे.

बीबीच्या बाबतीत फसगत होते. पायडल मारताना प्रत्येक फेऱ्यात एकदा 'कट्' होत असेल तर लोक थेट बेअरिंग बदलायला घेतात. पण दोष बहुतेकदा कॉटरचा असतो. दोन्ही क्रँक हातात धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा. दोन्ही एकदम हलले तर बेअरिंग सैल. एकच हलतो आणि दुसरा जागेवर राहतो, तर त्या बाजूची कॉटर पिन झिजलेली आहे.

काय काय लागतं?

फार काही नाही. चाकाच्या नटांसाठी नेहमीचा पाना, आणि एक पातळ 'कोन पाना'. कोनवर पाना बसवायची जागा खूप अरुंद असते, तिथे जाड पाना बसत नाही. हा पातळ पाना सायकलच्या दुकानात मिळतो आणि तो घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. पक्कडीने कोन धरला की त्याच्या कडा गोल होतात आणि पुढच्या वेळी तो कशानेच सुटत नाही.

धुवायला रॉकेल सगळ्यात चांगलं, पण ते आता सहज मिळत नाही. डिझेल चालतं. पेट्रोल नको. बंद खोलीत, गॅस पेटलेल्या स्वयंपाकघराशेजारी तर अजिबात नको. धुऊन झालेलं काळं डिझेल गटारात ओतू नका. येरवड्यातलं गटार-नाल्याचं पाणी शेवटी मुळा-मुठेत जातं. बाटलीत भरून ठेवलं तर वरचं निवळलेलं डिझेल पुढच्या वेळी साखळी धुवायला कामी येतं.

ग्रीसबद्दल बरेच गैरसमज आहेत. लाल ग्रीस भारी, निळं त्याहून भारी, असं काही नसतं. रंग फक्त ओळखीसाठी घातलेला असतो. ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबण. स्पंज जसा पाणी धरतो आणि दाबल्यावर सोडतो तसं. लिथियम साबणाचं साधं ग्रीस सायकलला उत्तम चालतं. डब्यावर एनएलजीआय नावाचा आकडा असतो, तो घट्टपणा सांगतो. ००० म्हणजे जवळजवळ ओतता येणारं, ६ म्हणजे वडीसारखं घट्ट. सायकलला २ नंबर योग्य, साधारण घट्ट श्रीखंडासारखं. बाजारात एपी-३ किंवा एमपी-३ नावाने मिळणारं गाड्यांचं ग्रीस त्याहून थोडं घट्ट असतं. तेही चालतं, फक्त थंडीत चाक किंचित जड फिरतं. वेगवेगळ्या प्रकारची ग्रीस मात्र एकमेकांत मिसळू नयेत. काही जोड्या एकत्र आल्या की पातळ होऊन वाहून जातात. म्हणून जुनं पूर्ण पुसून मगच नवं भरायचं.

छर्रे विकत घेताना माप महत्त्वाचं. दुकानात हे माप सुतात सांगतात. एक सूत म्हणजे १/८ इंच. पुढच्या हबला बहुतेक सायकलींत दीड सुताचे, म्हणजे ३/१६ इंचाचे छर्रे लागतात, एका बाजूला १०. मागच्या हबला दोन सुताचे, म्हणजे १/४ इंचाचे, एका बाजूला ९. बीबीलाही दोन सुताचेच. चिमट्याला सहसा ५/३२ इंचाचे, म्हणजे सव्वा सुताचे. दीड सूत आणि सव्वा सूत यांत फरक जेमतेम ०.८ मिलिमीटरचा असतो, नुसत्या नजरेला कळत नाही. त्यामुळे जुना छर्रा सोबत घेऊन जाणं बरं. आकडेही कंपनीनुसार बदलतात. आपल्या सायकलीतून किती निघाले ते मोजून कागदावर लिहा, हा नियम पाळला की चूक होत नाही.

सुरुवात पुढच्या चाकापासून

पहिल्यांदा करणाऱ्याने पुढचा हब घ्यावा. साखळी नाही, फ्रीव्हील नाही, चुकलं तरी नुकसान कमी.

सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी करा. नट सैल करून चाक बाहेर काढा. दांड्या-ब्रेकच्या सायकलीत ब्रेकचा घोडा रिममध्ये अडकतो, तो आधी सैल करावा लागतो. चाक खाली घेतल्यावर जमिनीवर जुनी चादर किंवा परात ठेवा. हे हसण्यावारी नेऊ नका. छर्रा एकदा फरशीवर पडला की थेट कपाटाखाली जातो आणि पुढचा अर्धा तास त्यातच जातो.

आता फक्त एका बाजूचा कोन सोडायचा. कोन पान्याने कोन धरा, दुसऱ्या पान्याने त्याच्या बाहेरचा लॉक नट उलटा फिरवा. नट, वॉशर, कोन ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ओळीत मांडा, किंवा मोबाइलवर फोटो काढा. दुसऱ्या बाजूचा कोन तसाच राहू द्या. त्यामुळे एक्सल दोन्ही बाजूंना पूर्वीइतकाच बाहेर राहतो आणि चाक चिमट्याच्या मधोमध बसतं. मग चाक परातीवर धरून एक्सल हळूच बाहेर ओढा. छर्रे पडतील, काही जुन्या ग्रीसमध्ये चिकटलेले राहतील. ते स्क्रू ड्रायव्हरने काढा आणि मोजा.

सगळं डिझेलमध्ये धुऊन, चिंधीने कोरडं करा. आता उजेडात कोन बघा. छर्रे जिथून फिरतात तिथे एक चकचकीत पट्टा असतो. तो सलग असेल तर कोन चांगला. बॉलपेनचं टोक त्या पट्ट्यावरून फिरवा. टोक कुठे अडकलं तर तिथे खड्डा आहे, कोन बदला. नवा मिळेपर्यंत एक जुगाड चालतो: चाक बसवताना एक्सल अर्धा फिरवून बसवायचा, म्हणजे झिजलेली बाजू वर जाते आणि चांगली बाजू भार घेते. पण तो जुगाडच. 

छर्रे मात्र दरवेळी नवे घाला, तेही सगळे एकदम. चार जुने, सहा नवे असं केलं तर नवे किंचित मोठे असल्यामुळे सगळा भार त्यांच्यावरच येतो. छर्रे खूप स्वस्त असतात, इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

कपमध्ये बोटाने ग्रीसचा जाड थर द्या आणि त्यात छर्रे एकेक करून बसवा. ग्रीस त्यांना धरून ठेवतं. शेवटी एक छर्रा बसेल एवढी फट दिसते आणि अजून एक घालावा असा मोह होतो. घालू नका. छर्ऱ्यांना फिरायला ती मोकळी जागा लागते. दुसऱ्या बाजूलाही तसंच करून एक्सल खालून वर सरकवा आणि सोडलेला कोन बोटानेच फिरवत बसवा. हबच्या मधल्या पोकळीत ग्रीस ठासून भरायची गरज नाही. ते तिथे पडून राहतं आणि उन्हात वितळून तारांवर, रिमवर येतं. रिमवर ग्रीस आलं तर ब्रेक लागत नाही, आणि जेल रोडच्या ट्रॅफिकमध्ये ते परवडणारं नाही.

खरं कौशल्य आहे ते कोन आवळण्यात. बोटाने टेकेपर्यंत फिरवा, मग साधारण पाव फेरा मागे घ्या. कोन पान्याने कोन स्थिर धरून लॉक नट आवळा. आवळताना कोन थोडा सरकतोच, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात बरोबर येत नाही. अनुभवी मेकॅनिकलाही दोन-तीनदा करावं लागतं. एक्सल दोन बोटांत धरून फिरवा: खरखर नको, अडणं नको आणि वर-खाली खेळही नको. चाक बसवून सोडलं की रिममधला व्हॉल्व्हचा भाग जड असल्याने चाक आपोआप झुलत-झुलत थांबलं पाहिजे. एकदम थबकलं तर कोन जास्त आवळला आहे. नवशिक्यांची चूक सहसा इथेच होते. सैल राहण्याच्या भीतीने ते कोन कचकचून आवळतात आणि नवे छर्रे महिन्याभरात कोनला ओरखडे पाडतात.

मागच्या चाकालाही हेच. फक्त साखळीच्या बाजूचा कोन न सोडता डाव्या बाजूचा सोडायचा. फ्रीव्हील काढायला वेगळं अवजार लागतं, पण ग्रीस भरण्यासाठी ते काढावंच लागतं असं नाही. एक्सल उजवीकडे ओढून काढला की फ्रीव्हीलच्या भोकातून चिमटीने छर्रे काढता-घालता येतात. थोडं किचकट आहे, पण जमतं. फ्रीव्हीलमध्ये मात्र ग्रीस कधीही भरू नका. त्याच्या आत छोट्या खिट्ट्या असतात, ज्यांना मेकॅनिक 'कुत्रे' म्हणतात. घट्ट ग्रीसमध्ये हे कुत्रे चिकटून बसतात, आणि पायडल मारलं तरी चाक फिरत नाही. तिथे फक्त पातळ तेलाचे दोन-चार थेंब.

कॉटर: इथे हातोडी जपून

बीबी उघडायची तर आधी क्रँक काढावे लागतात आणि क्रँक धरून ठेवते ती कॉटर पिन. तिचा नट पूर्ण न काढता पिनच्या टोकाच्या पातळीत आणा, म्हणजे आटे वाचतात. मग क्रँकखाली, पिनच्या शेजारी, जमिनीपर्यंत पोहोचेल असा लोखंडी पाइप किंवा लाकडाचा जाड ठोकळा टेकवा आणि वरून एकच दमदार फटका मारा. आधार न देता ठोकलं तर प्रत्येक घाव एक्सलमधून छर्ऱ्यांवर जातो आणि छर्रे कपमध्ये खळगे पाडतात. दुरुस्ती करतानाच बेअरिंग खराब होण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

पुढे आट्यांची दिशा लक्षात ठेवा. डाव्या बाजूचा कप सरळ आट्यांचा, म्हणजे नेहमीसारखा उलट फिरवून सुटतो. उजव्या, साखळीच्या बाजूच्या कपला इंग्लिश पद्धतीच्या सायकलींत उलटे आटे असतात. तो काढायची गरजही नसते, आतून पुसून ग्रीस भरता येतं. एक्सलची दोन टोकं सारख्या लांबीची नसतात, लांब टोक साखळीकडे येतं. पायडलचंही तसंच: डाव्या पायडलला उलटे आटे. लक्षात ठेवायला सोपं असं की पाना वर धरून मागच्या चाकाच्या दिशेने ओढला की दोन्ही पायडल सुटतात.

परत बसवताना दोन्ही कॉटर एकमेकींच्या विरुद्ध दिशेने जायला हव्यात. एकीचा नट वर दिसत असेल तर त्याच स्थितीत दुसरीचा खाली. दोन्ही एकाच दिशेने घातल्या तर क्रँक सरळ रेषेत येत नाहीत आणि पायडल मारताना लंगडल्यासारखं होतं.

चिमट्याचं काम दांड्या-ब्रेकच्या सायकलीत किचकट असतं, कारण हँडल काढायला ब्रेकच्या सगळ्या दांड्या सोडाव्या लागतात. तारेचे ब्रेक असतील तर घरी करायला हरकत नाही. नाहीतर हे जुन्या सायकलवाल्याकडे दिलेलं बरं. हँडल सरळ रेषेत आलं की खाचेत बसल्यासारखं अडतं का, एवढं बघून ठेवा. अडत असेल तर छर्ऱ्यांनी कपमध्ये खळगे पाडलेत, तिथे ग्रीसचा उपयोग होत नाही, कप बदलावे लागतात.

नुसतं तेल सोडलं तर?

काही जुन्या हबच्या मधोमध आणि बीबीखाली एक छोटं भोक असतं, वर स्प्रिंगची पट्टी. ते तेलासाठीच आहे. पूर्वी नगरपालिकेचा बिल्ला आणि दिवा नसेल तर पुण्यात सायकलवाल्याला दंड व्हायचा, त्या काळात घरोघरी तेलाची कुप्पी असायची आणि आठवड्याला या भोकात दोन थेंब पडायचे. ही पद्धत चुकीची नाही. तेल आतली घाण बाहेर ढकलतं. पण ते वाहूनही जातं, त्यामुळे सतत घालावं लागतं. येरवड्याच्या नावाने ओळखला जाणारा पेटी चरखा, म्हणजे गांधीजींनी येरवडा तुरुंगात असताना तयार केलेलं 'येरवडा चक्र', त्याच्या चातीलाही असाच अधूनमधून तेलाचा थेंब लागतो. 

ग्रीस भरलेल्या हबमध्ये मात्र वरून तेल ओतू नये. तेलाने ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं आणि आत राहतं ते ना तेल ना ग्रीस. आवाज चार दिवस थांबतो तो याच कारणाने, आणि पाचव्या दिवशी परत येतो. डब्ल्यूडी-४० सारखे स्प्रे गंजलेला नट सोडायला चांगले, बेअरिंगमध्ये ते ग्रीस धुऊन काढतात.

सगळं जोडून झाल्यावर एक चक्कर मारून या. पर्णकुटी चौकातून पुलापर्यंत जाऊन परत आलं तरी पुरे. मग कॉटरचे नट पुन्हा एकदा आवळा, कारण पहिल्या चकरेत पिन थोडी आत बसते आणि नट सैल पडतो. चाकं परत हलवून बघा. नवे छर्रे बसल्यावर पहिल्या आठवड्यात कोन किंचित सैल होऊ शकतो. झाला तर फक्त लॉक नट सोडून थोडासा आवळायचा, हब पुन्हा उघडायचा नाही.